मेचनिकॉफ यांचे समुद्रजीव-संशोधन, प्रतिकारशक्तीची उत्क्रांती आणि विज्ञानशिक्षण

प्रस्तावना :
रोगप्रतिकारशक्तीचा इतिहास बहुधा जेन्नर व पाश्चर यांच्या लसींपासून सांगितला जातो. तिच्या पेशीविषयक सिद्धांताचा उगम मात्र रुग्णालयात नव्हे, तर समुद्रकिनारी झाला. प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ (१८४५-१९१६) यांच्या या कार्याचा परामर्श प्रस्तुत लेखात विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने घेतला आहे.

विवेचन :
रशियन साम्राज्यात विद्यापीठांवरील राजकीय दडपण वाढत असताना १८८२ मध्ये मेचनिकॉफ यांनी ओडेसा विद्यापीठाचा राजीनामा दिला व ते सिसिलीतील मेसिना येथे गेले. स्पंज, चपटे कृमी अशा प्राण्यांतील काही पेशी अन्नकण गिळून पचवितात, हे त्यांना ज्ञात होते. ज्या प्राण्यांत पचनसंस्था स्वतंत्र झाली, त्यांच्यातील भटक्या पेशींचे कार्य काय, हा त्यांचा प्रश्न उत्क्रांतीचा होता. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी अशा पेशींनी काट्यांना वेढा घातलेला दिसला. या डिंभात रक्तवाहिन्या नसतात. म्हणजेच दाहाची मूळ प्रक्रिया रक्तवाहिन्यांहून प्राचीन ठरते.

१८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध लावल्यानंतर रक्तद्रवच खरा संरक्षक, हे मत बळावले. मेचनिकॉफ यांनी १८९१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत व्याख्यानमाला देऊन एकपेशीय जीवांपासून सस्तन प्राण्यांपर्यंत दाहाचा क्रम मांडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना व एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्ष परस्परपूरक ठरले.

ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. हाफकिन हेही मूळचे प्राणिशास्त्राचेच अभ्यासक होते, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. परंतु दहावीनंतर विज्ञान सोडणारा विद्यार्थी त्याला मुकतो. अशा विद्यार्थ्याला लस कशी कार्य करते हे सांगता येईल. शरीरात संरक्षक पेशी मुळात का आहेत, हे सांगता येणार नाही. मेचनिकॉफ यांचे संशोधन याच 'का'पासून सुरू झाले होते. म्हणूनच प्रतिकारशक्ती व उत्क्रांती यांचे अध्यापन परस्परांपासून तोडणे शैक्षणिकदृष्ट्या हानिकारक ठरते.