१९ डॉलरची दुर्बीण

आजचा विषय टेक्सासमधल्या माझ्या आतेभावामुळे सुचला. मी त्याला दादा म्हणतो. लहानपणी जत्रेत छर्‍याच्या बंदुकीने फुगे फोडायला त्यानेच मला शिकवलं. आता तो तिकडे लांब पल्ल्याचं टार्गेट शूटिंग करतो. म्हणजे ६०० यार्डांवर, साधारण साडेपाचशे मीटरवर, कागद लावायचा आणि रायफलने त्यावर नेम धरायचा.

बजेट कमी, म्हणून त्याने दीडशे डॉलरचा स्कोप घेतला. खोक्यावर मोठ्ठा आकडा होता, २४ पट! आणि मग अख्खा सीझन गोळी कधी फूटभर वर, कधी फूटभर खाली. फोनवर म्हणायचा, "हात हलतो रे माझा आता. वय झालं." रायफल विकायला काढली होती त्याने. ते ऐकून मला कसंतरीच झालं.

मी स्वतः रायफल कधी हातात धरलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एखादी गोष्ट कधी चालते, कधी नाही चालत, तेव्हा आधी माणसावर संशय घ्यायचा नसतो, एवढं आमच्या धंद्यात शिकायला मिळतं. म्हणून या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला.

पहिली गंमत म्हणजे सुरुवातीलाच एक इंजिनिअर भेटतो. जॉन चॅपमन नावाचा सिव्हिल इंजिनिअर होता. त्याने १८४८ मध्ये रायफलवर एक पुस्तक छापलं, त्यात स्कोपचं वर्णन आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा मॉर्गन जेम्स हे स्कोप बनवायचा. नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब! पुढे १८५५ मध्ये सिराक्यूजच्या विल्यम माल्कमने रंगांची झालर न दिसणारी चांगली भिंगं वापरली, आणि वर-खाली, डावी-उजवी हलवायची सोयही सुधारली.

त्याच सुमाराला आपल्या बाजूचा एक धागा येतो. मुंबई फौजेत नोकरी केलेला डेव्हिड डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी. त्याने बनवलेला स्कोप व्हिटवर्थ रायफलच्या डाव्या अंगाला बसायचा. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांकडे अशा काही रायफली होत्या.

पण लांबचा नेम साधायला भिंग लागतंच असंही नाही. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला अमेरिका विरुद्ध आयर्लंड सामना झाला. अंतरं होती ८००, ९०० आणि १००० यार्ड. भिंग कुठेच नाही. होती ती बारीक व्हर्नियर पट्टी, शाळेच्या लॅबमध्ये आपण वापरतो ना, त्याच तत्त्वावरची. निकाल लागला ९३४ विरुद्ध ९३१! आजही ऑलिंपिकमध्ये तेच आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या रायफलवर मोठं करून दाखवणारा स्कोप नव्हता. नियमात बसतच नाही तो.

म्हणजे बघा, दूरचं मोठं दिसणं ही सोय आहे. खरं काम मोजण्याचं. लांबवर गोळी खाली पडत जाते, म्हणून नळी किती वर उचलायची ते मोजून ठरवावं लागतं. स्कोपवरचा टरेट, म्हणजे ती क्लिक-क्लिक फिरणारी टोपी, हेच काम करते.

आता बजेटची गोष्ट. १९३० मध्ये बिल वीव्हर नावाच्या तरुणाने केंटकीतल्या न्यूपोर्टमध्ये एक स्कोप काढला. मॉडेल ३३०, किंमत १९ डॉलर, वय पंचविशीच्या आसपास. तेव्हा चांगले स्कोप म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियाचे, सामान्य माणसाला न परवडणारे. वीव्हरने काय केलं? साधारण तीनच पट मोठं दाखवणारी, बारीक आणि साधी नळी बनवली. १९३३ मध्ये तो एल पासोला गेला, दादाच्याच टेक्सासमध्ये, आणि तिथे कारखाना वाढवला. स्वस्तात द्यायचं तर काहीतरी सोडावं लागतं. त्याने मोठे आकडे सोडले.

दुसरं उदाहरण लूपोल्डचं. ही ओरेगनची कंपनी जमीन आणि पाण्याची पातळी मोजायची उपकरणं बनवायची. घरच्याच मार्कस लूपोल्डचं हरीण निसटलं, कारण स्कोपमध्ये आतून वाफ धरली होती. मग १९४७ मध्ये त्यांनी नळीत नायट्रोजन भरून स्कोप विकायला आणला. इथेही सुधारणा झाली ती भरवशात.

हे सगळं वाचून मी दादाला म्हटलं, "तुझा हात नंतर बघू, आधी स्कोप तपासू." १०० यार्डांवर उंच कागद लावला. टरेट २० एम.ओ.ए. वर फिरवला. एक एम.ओ.ए. म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर साधारण १.०५ इंच. गोळ्या २१ इंच वर जायला हव्या होत्या, गेल्या १८. टरेट परत शून्यावर आणला, तर गोळ्या मूळ जागेपेक्षा दोन इंच वर! तिकडची सकाळ, इकडची रात्र. व्हिडिओ कॉलवर मी आकडे एक्सेलमध्ये भरत होतो. तीनदा केलं. प्रत्येक वेळी चूक वेगळी. १०० यार्डांवरचे दोन इंच म्हणजे ६०० यार्डांवर फूटभर. दादा बराच वेळ काही बोललाच नाही.

तर कमी पैशांत स्कोप घेताना आधी बघा, टरेट फिरवून परत आणला की तो शून्यावर येतो का. मग पुरेसा फिरतो का, कारण .३०८ ची गोळी १००० यार्डांवर न्यायला साधारण ३५ ते ४० एम.ओ.ए. लागतात. थोडे पैसे चांगल्या रिंगांसाठी ठेवा, स्कोपच हलला तर सगळं फुकट. पटीचा आकडा सगळ्यात शेवटी. अमेरिकन मरीन स्नायपरांनी कित्येक वर्षं फक्त १० पटीचा उनर्टल वापरला.

दादाने रायफल विकली नाही. ठराविक १० पटीचा साधा स्कोप घेतलाय. परवा म्हणाला, "अजूनही चुकतं रे. पण आता चुकलं की माझंच चुकलं, हे तरी नक्की कळतं."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!