अलिंद-कंपन आणि पूरक पोषके

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. हे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले, की त्या विकाराला अलिंद-कंपन म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी तो ‘एएफ’ असतो, तर रुग्णाच्या तोंडी ‘धडधड’ किंवा ‘ठोके चुकणे’. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळते, गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूत अडकली तर लकवा मारतो. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ पाहणीने १९९१ साली दाखवले. म्हणून गुठळी होऊ न देणे हे उपचारातले पहिले काम ठरते. ठोक्यांचा वेग आवरणे आणि जमेल तिथे लय पूर्ववत करणे ही कामे त्यानंतरची. या उपचारांच्या जोडीला, कधी त्यांच्या जागी, मॅग्नेशियमच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ड जीवनसत्त्व, कोएन्झाइम क्यू-१०, अर्जुनसालीचा अर्क अशी पूरके घेतली जातात. ‘पूरक’ म्हणजे जे उणे आहे ते भरून काढणारे. या विकारापुरता हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. मोजून उणीव सापडली तर ती भरणे हा उपचाराचाच भाग आहे, पण उणीव नसताना घातलेली भर लय सुधारते याला भक्कम पुरावा नाही आणि काही पूरकांच्या बाबतीत तर पुरावा उलट दिशेला जातो.

लातूर-नांदेड पट्ट्यात हा प्रश्न युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळ्या जागी उभा आहे, कारण रुग्णच वेगळा आहे. तिकडचा रुग्ण बहुधा सत्तरीतला आणि रक्तदाब, स्थूलता, मद्य यांच्या वाटेने या विकारापर्यंत आलेला असतो. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत देशातल्या २४ केंद्रांवरचे १,५३७ रुग्ण नोंदवले गेले. त्यांचे सरासरी वय ५४.७ वर्षे निघाले आणि ४७.६ टक्के रुग्णांच्या झडपा संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या होत्या. लहानपणी घसा दुखला, त्यावर नीट उपचार झाला नाही, पुढे ताप आणि सांधेदुखी झाली आणि वीस-तीस वर्षांनी डाव्या कप्प्याखालची झडप आकसल्याचे कळले, असा हा प्रवास असतो. अशा रुग्णासाठी २०२२ साली प्रसिद्ध झालेली ‘इन्व्हिक्टस’ ही चाचणी फार महत्त्वाची आहे. भारतासह २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या या चाचणीत रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा के जीवनसत्त्वाला अटकाव करणारी जुनी गोळीच सरस ठरली, मृत्यूही तिच्यावर कमी झाले. म्हणजे झडप आकसलेल्या रुग्णाला आजही वॉर्फरिन किंवा ‘ॲसिट्रोम’ या नावाने ओळखली जाणारी ॲसेनोकुमारॉल घ्यावी लागते, आणि रक्त किती पातळ झाले हे आयएनआर तपासून पाहत राहावे लागते. ही गोळी ताटातल्या पालेभाजीशी आणि मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूलशी थेट संबंध ठेवते. म्हणून ‘पूरक घ्यायला काय हरकत आहे?’ या प्रश्नाचे इथले उत्तर लंडनमधल्या उत्तरापेक्षा जास्त सावध असावे लागते.

पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध प्रकरण माशाच्या तेलाचे आहे. मासे खाणाऱ्या समाजांत हृदयविकार कमी दिसतो, या निरीक्षणातून ओमेगा-३ मेदाम्लांबद्दल मोठी आशा निर्माण झाली. ठोक्यांच्या विकारावरही ते चालेल, असा तर्क होता आणि तो अजिबात बावळट नव्हता, कारण ही मेदाम्ले पेशींच्या आवरणात शिरून विद्युत्-प्रवाहावर परिणाम करतात. मग चाचण्या झाल्या. २०१० साली ६६३ रुग्णांना रोज ४ ग्रॅमचा डोस देऊनही अलिंद-कंपनाचे झटके परत येणे थांबले नाही. २०१२ सालच्या ‘ओपेरा’ चाचणीत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,५१६ रुग्णांतही शस्त्रक्रियेनंतरचे कंपन टळले नाही. त्यानंतर चित्र आणखी पालटले. २०१८ सालच्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत ८,१७९ रुग्णांपैकी ज्यांना ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल शुद्ध करून रोज ४ ग्रॅम दिले, त्यांच्यात अलिंद-कंपनासाठी किंवा त्याच्या जवळच्या अलिंद-स्फुरणासाठी दाखल होण्याचे प्रमाण ३.१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात २.१ टक्के. २०२० सालच्या ‘स्ट्रेंथ’ चाचणीत नव्याने झालेल्या कंपनाचे आकडे ओमेगा-३ घेणाऱ्यांत २.२ आणि दुसऱ्या गटात १.३ टक्के असे होते. २०२१ साली सात चाचण्यांतल्या ८१,२१० लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा ओमेगा-३ घेणाऱ्यांत धोका एकूण २५ टक्क्यांनी जास्त निघाला. रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत तो ४९ टक्के, तर त्याहून कमी घेणाऱ्यांत १२ टक्के जास्त होता. डोस वाढला की धोका वाढतो, ही चढण योगायोगाने दिसत नाही. २०२३ साली युरोपीय औषध नियामकाने ओमेगा-३ची औषधे घेणाऱ्यांत अलिंद-कंपन हा नेहमी आढळणारा दुष्परिणाम म्हणून नोंदवायला लावला.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. ‘रिड्यूस-इट’मध्ये हृदयविकाराचे एकूण गंभीर प्रसंग चौथ्या हिश्श्याने घटले, मग ठोक्यांच्या विकारातल्या किरकोळ वाढीची एवढी काळजी कशाला? ट्रायग्लिसराइड वाढलेल्या आणि आधीच हृदयविकार असलेल्या माणसाला डॉक्टरांनी विचारपूर्वक लिहून दिलेला डोस वेगळा, हे मान्य करावेच लागते. तिथे नफा-तोट्याचा हिशेब मांडलेला असतो. ज्याला अलिंद-कंपनच आहे आणि जो त्याच विकारासाठी कॅप्सूल विकत घेतो, त्याच्या हिशेबात मात्र नफ्याचा रकाना रिकामा राहतो. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात ओमेगा-३ येते ते मुख्यतः जवसातून. जवसाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो, पण शरीर त्याचा फार थोडा अंश माशाच्या तेलातल्या ईपीए-डीएचएमध्ये बदलते. म्हणून भाकरीबरोबरच्या जवसाच्या चटणीवर कॅप्सूलच्या चाचण्यांचे निष्कर्ष लावता येत नाहीत, धोक्याचेही नाहीत आणि फायद्याचेही नाहीत. चटणी चटणी म्हणून खावी.

मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची गोष्ट निराळी आहे, कारण इथे उणीव खरोखर असू शकते. फ्रॅमिंगहॅमच्या दुसऱ्या पिढीच्या पाहणीत रक्तातले मॅग्नेशियम सर्वांत कमी असलेल्या गटात पुढे अलिंद-कंपन होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने जास्त दिसले. ट्युनिशियात ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत तातडीच्या कक्षात शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमने नेहमीच्या औषधांबरोबर ठोक्यांचा वेग लवकर आटोक्यात आणला. यावरून लोक असे धरून चालतात की मॅग्नेशियमची गोळी रोज घेतली की झटके येणार नाहीत. शिरेतून काही मिनिटांत गेलेला मोठा डोस आणि आतड्यातून सावकाश शोषली जाणारी गोळी यांची बरोबरी होत नाही, आणि गोळीने झटके टळतात हे चांगल्या चाचण्यांनी दाखवलेले नाही. उणीव शोधण्याच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. झडपेच्या रुग्णाला लघवीची गोळी बहुधा चालू असते, तिच्यातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाहून जातात. त्यात वैशाख वणव्यात जुलाब-उलट्या झाल्या, तर पातळी झपाट्याने खाली येते. वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, काही जणांत मॅग्नेशियम उतरवते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०११ सालीच याचा इशारा दिला आहे. अशा वेळी रक्त तपासून पूरक देणे हाच योग्य उपचार आहे, आणि तो झाला नाही तर ठोक्यांचा वेग आवरणारे डिगॉक्सिनसारखे औषध साध्या डोसातही अंगावर येऊ शकते. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम धरून ठेवणारी स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल, तर तेच पोटॅशियम साचून हृदय थांबवू शकते. पातळी वरच्या टोकाला नेऊन ठेवण्यातही हशील नाही: २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टाइट-के’ चाचणीत बायपास झालेल्या १,६९० रुग्णांपैकी एका गटाला पोटॅशियम ३.६च्या खाली गेल्यावरच पूरक दिले आणि दुसऱ्या गटाला ४.५च्या खाली जाताच. शस्त्रक्रियेनंतरच्या कंपनात फरक पडला नाही. रोजच्या गरजेपुरते पाहिले, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १३३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. दोन वेळची भाकरी आणि डाळ जेवणारा माणूस या बाबतीत मुळातच बऱ्या स्थितीत असतो. ज्वारी जाऊन तिच्या जागी मैदा आला की ही जमेची बाजू गळते.

ड जीवनसत्त्वाचा पुरावा विभागलेला आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेतील २५,११९ लोकांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० एककांनी अलिंद-कंपन कमी झाले नाही. फिनलंडमध्ये २,४९५ ज्येष्ठांवर झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीत मात्र १,६०० एकके घेणाऱ्यांत ते २७ टक्क्यांनी आणि ३,२०० एकके घेणाऱ्यांत ३२ टक्क्यांनी कमी आढळले. दुसरा निकाल आशादायक आहे. पण ती चाचणी मुळात हृदयविकार आणि कर्करोग यांच्यासाठी आखलेली होती, ठोक्यांचा हिशेब नंतर केला गेला आणि दसपट मोठ्या चाचणीने त्याला दुजोरा दिला नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते हाडांसाठी घ्यावे. कोएन्झाइम क्यू-१०च्या बाजूने लहान चाचण्यांपलीकडे काही नाही. अर्जुनसालीला आपल्याकडे जुना मान आहे. १९९५ साली इंदूरच्या संशोधकांनी हृदय निकामी होत आलेल्या १२ रुग्णांत तिचा फायदा नोंदवला होता; नंतर १०० रुग्णांवरच्या काटेकोर चाचणीत हृदयाची पंप करण्याची ताकद वाढलेली दिसली नाही. या दोन्ही चाचण्या हृदयाच्या कमजोरीसंबंधी होत्या, त्यांतून अलिंद-कंपनाबद्दलचा निष्कर्ष ओढून काढता येत नाही.

सर्वांत मनापासून घेतला जाणारा आक्षेप अनुभवाचा असतो: गोळी सुरू केली आणि धडधड थांबली. या अनुभवाला खोटे म्हणता येत नाही, पण तो काय सिद्ध करतो ते पाहिले पाहिजे. हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या वर आलेल्या नोंदवहीतल्या २०.४ टक्के रुग्णांत कंपन झटक्याने येणारे आणि आपोआप जाणारे होते. माणूस पूरकाकडे वळतो तो त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकानंतर उतार बहुतेक वेळा येतोच. श्रेय हातातल्या बाटलीला जाते. म्हणून तर नकली गोळीशी तुलना करणाऱ्या चाचण्या लागतात. शिवाय धडधड थांबली म्हणजे कंपन थांबले असेही नाही. अनेकांना ते जाणवत नाही आणि गुठळी मात्र तशीच होत राहते. बरे वाटते म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी सोडणे ही पूरकांमुळे होणारी सर्वांत मोठी हानी आहे. वॉर्फरिनने पक्षाघाताचा धोका जवळपास दोन-तृतीयांशाने घटतो. कोणतेही पूरक या आकड्याच्या आसपासही नाही. आयएनआरसाठी किनवटहून नांदेडला शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते, मजुरी बुडते, मग ‘नैसर्गिक’ कॅप्सूल सोपी वाटते. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय तालुक्याच्या ठिकाणी आयएनआरची सोय करणे हा आहे, आणि तो हक्काने मागायला हवा.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या शेजारी टिकत नाही. स्वयंपाकात पडणारी हळद आणि लसूण यांना हरकत नाही, पण त्यांच्याच अर्काच्या कॅप्सूल वॉर्फरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतात. ज्येष्ठमध सतत आणि जास्त घेतले तर पोटॅशियम उतरते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनची अडचण चटकन लक्षात येत नाही. अलिंद-कंपनामागे थायरॉइड वाढलेले आहे का, हे तपासावेच लागते. बायोटिनचा मोठा डोस काही यंत्रांवरचा तो अहवाल खोटा दाखवतो आणि न वाढलेले थायरॉइड वाढल्याचे भासते. उलट समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतले आयोडीन संवेदनशील माणसात खरेच थायरॉइड वाढवून कंपन सुरू करू शकते. भारतातल्या २०१६ सालच्या पूरकांविषयीच्या अन्नसुरक्षा नियमांनी वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना बंधनकारक केली, आणि १९५४ सालच्या जादुई उपचारविरोधी कायद्याच्या यादीत हृदयविकार आहे, म्हणजे तो बरा करण्याची जाहिरातच बेकायदा ठरते.

पालेभाज्यांबाबत मात्र उलटा अतिरेक दिसतो. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली की रुग्ण पालक, मेथी, शेपू, अंबाडी, हरभऱ्याची भाजी सगळेच सोडतो. १०० ग्रॅम पालकात के जीवनसत्त्व चारशे मायक्रोग्रॅमहून अधिक असते हे खरे. पण बिघाड होतो तो भाजीच्या चढउताराने. पावसाळ्यात रोज भाजी आणि उन्हाळ्यात महिनाभर ती नाहीच, असे झाले तर एकाच डोसावरचा आयएनआर वर-खाली होतो. आहारात के जीवनसत्त्व अगदी कमी असेल, तर एका दिवसाची वाटीभर मेथीसुद्धा काटा हलवते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे २००७ साली, ज्यांचा आयएनआर कारण नसताना हेलकावत होता अशा ७० रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १५० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व दिले, म्हणजे ज्याला गोळी अटकाव करते तेच थोडे थोडे पुरवले, आणि त्यांचा आयएनआर अधिक स्थिर झाला. पुढच्या आढाव्यांना हा लाभ सरसकट वापरण्याइतका पक्का वाटला नाही, त्यामुळे ती गोळी स्वतःहून सुरू करू नये. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मापाने भाजी खावी, बारा महिने तोच पायंडा ठेवावा आणि गोळीचा डोस डॉक्टरांनी त्या जेवणाला जुळवून बसवावा.