पहिलं घर एजंटमार्फत घेताय? टोकन देण्याआधी हे तपासा

प्रॉपर्टीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की थोड्याच वेळात फोन सुरू होतात. साइट बघायला गाडी पाठवतो, होम लोनचंही काम करून देतो आणि तुमच्याकडून दलाली एक रुपयाही घेणार नाही, असं एजंट सांगतो. मग त्याचे पैसे कोण देतं?

पहिलं घर घेताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. एजंट कोणाच्या बाजूने बोलतोय, हे त्यावरूनच कळतं.

दलाली कोण देतं?

बिल्डरच्या नव्या प्रकल्पात एजंटला दलाली सहसा बिल्डर देतो. हा खर्च बिल्डरच्या हिशेबात धरलेला असतो, त्यामुळे ही सेवा खऱ्या अर्थाने फुकट नसते. जिथे दलाली जास्त, तो प्रकल्प आधी दाखवण्याचा मोह एजंटला होऊ शकतो. म्हणून त्याची माहिती घ्या, पण तो तुमचा सल्लागार आहे असं समजू नका.

रिसेलच्या फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा घेणारा आणि विकणारा दोघंही दलाली देतात. तिचा दर बोलून ठरतो. बऱ्याच ठिकाणी तो १ ते २ टक्के असतो. समजा, ६० लाखांच्या फ्लॅटवर २ टक्के ठरले, तर दलाली १ लाख २० हजार होते. एजंट जीएसटी लावत असेल तर १८ टक्क्यांप्रमाणे आणखी २१,६०० रुपये. दर आणि पैसे कधी द्यायचे, हे आधीच लेखी ठरवून घ्या.

एजंट नोंदणीकृत आहे का?

रेरा हा २०१६ चा केंद्रीय कायदा आहे. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी 'महारेरा' करतं. या कायद्याच्या कलम ९ नुसार, रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी करावी लागते. ती नसेल तर दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. हा दंड व्यवहाराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

महाराष्ट्रात एजंटच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात 'ए' या इंग्रजी अक्षराने होते, तर प्रकल्पाच्या क्रमांकाची 'पी' ने. दोन्ही क्रमांक मागा आणि महारेराच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. ताबा देण्याची तारीख, मंजूर नकाशे आणि जमिनीवरचे दावे तिथे पाहा. एजंटने सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख वेगळी असेल, तर तिथली धरून चाला.

टोकन किती द्यायचं?

'आज बुक केलं तरच हा रेट' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अशा वेळी हे लक्षात ठेवा:

- नव्या प्रकल्पात विक्री कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ६० लाखांच्या घराला ही मर्यादा ६ लाख आहे.
- चेक किंवा ऑनलाइन रक्कम बिल्डरच्या किंवा घरमालकाच्या खात्यात द्या, एजंटच्या नाही.
- लोन मंजूर झालं नाही तर टोकन परत मिळेल का, हे पावतीवर लिहून घ्या.
- किंमत कार्पेट एरियावर विचारा. 'सुपर बिल्टअप'चा आकडा मोठा दिसतो, पण तेवढी जागा घरात मिळत नाही.

रिसेलमध्ये जास्त सावध का राहायचं?

जुन्या सोसायटीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा तो व्यवहार सहसा रेराच्या कक्षेत येत नाही. अशी घरं विकून देणारा एजंट नोंदणीकृत असेलच असं नाही. त्यामुळे कागदपत्रं तपासण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आधीच्या सगळ्या खरेदी करारांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र आणि मेंटेनन्सची थकबाकी पाहा. घरावर लोन असेल तर बँकेचं पत्रही पाहा.

'बँकेने लोन दिलं म्हणजे कागद क्लिअर' असंही सांगितलं जातं. पण बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, एवढंच बघतो. एजंटने सुचवलेला वकील न घेता तुमचा स्वतःचा वकील घ्या.

सोसायटी हस्तांतरणासाठी मोठी रक्कम मागते, असंही एजंट सांगू शकतो. महापालिका हद्दीत गृहनिर्माण सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त २५ हजार रुपयेच घेता येतात.

एजंटने फसवलं तर?

नोंदणीकृत प्रकल्पात खोटी माहिती देऊन घर विकलं असेल, तर बिल्डरप्रमाणेच एजंटविरुद्धही महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. तक्रारीत उपयोगी पडतो तो लेखी पुरावा. म्हणून फोनवर मिळालेलं प्रत्येक आश्वासन, मग ते पार्किंगचं असो की ताब्याच्या तारखेचं, व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवर लिहून मागा. लिहून द्यायला एजंट तयार नसेल, तर टोकनही देऊ नका.