वेळवणी आणि ओसामण

आपल्या समाजातील लग्नकार्यात हल्ली पंगत उठून गेली आणि तिच्या जागी मांडलेली टेबले आली. त्या टेबलांत पहिला मान असतो तो सुपाचा. मागच्या हिवाळ्यात अशाच एका समारंभात एका तरुणाने मला विचारले, “काका, आपल्या जुन्या लोकांत सूप नव्हतेच ना?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. ते सविस्तर द्यावे, म्हणून हा लेख.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘सूप’ हा शब्द संस्कृतात फार जुना आहे. शिजवलेली डाळ, डाळीचा रस असा त्याचा अर्थ. त्यावरून स्वयंपाक करणारा तो सूपकार. विराटाच्या घरी बल्लव म्हणून राहिलेला भीम आपण राजासाठी ‘सूप’ करू असेच सांगतो. मराठीत छापल्या गेलेल्या आरंभीच्या पाकपुस्तकांपैकी एक, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ मधील पुस्तक, त्याचे नावच मुळी ‘सूपशास्त्र’ आहे. (धान्य पाखडण्याचे सूप मात्र निराळे, ते ‘शूर्प’ या शब्दावरून आले.) एवढ्यावरून इंग्रजांनी सूप आपल्याकडून नेले असे म्हणण्याचा मोह होतो. मलाही तो अनेक वर्षे होता. पण ते खरे नाही. युरोपीय भाषांतील हा शब्द रश्श्यात भिजविलेल्या पावाच्या तुकड्याच्या नावावरून आला, असे भाषाभ्यासक सांगतात. दोन शब्दांचे उच्चारसाम्य हा निव्वळ योगायोग आहे.

नाते आहे ते दुसऱ्याच शब्दाचे. आयुर्वेदात कडधान्य शिजवून काढलेल्या रसाला ‘यूष’ म्हणतात. हा यूष आणि लॅटिनमधील रस्सावाचक ‘यूस’ हे एकाच मुळाचे शब्द. त्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘ज्यूस’ आला. म्हणजे आपण ज्याला आपले समजत होतो ते सूप परके निघाले आणि परका समजत होतो तो ज्यूस नात्यातला निघाला.

यूष हा आपल्या पूर्वजांच्या आहारातील केवळ चवीचा पदार्थ नव्हता. चरक-सुश्रुतांच्या संहितांत रोग्याला पुन्हा अन्नावर आणण्याचा क्रम दिलेला आहे. आधी भाताचे नुसते पाणी म्हणजे मंड, मग थोडी शिते असलेली पेया, मग दाट विलेपी, त्यानंतर तूप-मीठ न घातलेला ‘अकृत’ यूष आणि शेवटी तूप, मीठ व मसाला घालून संस्कार केलेला ‘कृत’ यूष. मुगाचा यूष सर्वांत पथ्यकर मानला आहे. तापातून उठलेल्या मुलाला आई मुगाचे कढण देत असे ते याच परंपरेतले, मग तिने संहितेचे नावही ऐकलेले नसो. कोकणातील कुळथाचे कढण, देशावरची पेज, आमसुलाचे सार ही सारी त्याच कुळातली भावंडे.

आपल्या प्रांतातील लेखी पुरावाही कमी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘अन्नभोग’ या प्रकरणात डाळींच्या पाकाचे वर्णन आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथातली, म्हणून मराठी अभ्यासकांना तो जवळचा वाटतो. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले. या ग्रंथकाराला तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय होता. महाराष्ट्राबाहेर जाऊन वसलेल्या मराठ्यांनी आपल्या अन्नाचा विचार लिहून ठेवण्याजोगा मानला, ही गोष्ट आपणां सुरतवासीयांस विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

कारण आपणही वसलेलेच लोक. मराठ्यांचे आणि सुरतेचे नाते म्हटले की लोकांना १६६४ आणि १६७० एवढीच दोन साले आठवतात. पण त्या स्वाऱ्यांतले कोणी येथे चूल मांडून राहिले नाही. चुली मांडल्या त्या नंतर. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतले. पुढे नवसारी, व्यारा हा टापू गायकवाडीत गेला आणि कारकून, कमाविसदार, पुराणिक, वैद्य अशी कुटुंबे इकडे आली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली आणि माणसांची दुसरी धार वाहू लागली. १ मे १९६० पर्यंत तर सुरत मुंबई राज्यातच होती. एकीने मिरज-साताऱ्याची आमटी आणली, दुसरीने खानदेशातील उडदाची डाळ आणि फुणक्यांबरोबरची कढी आणली.

येथे आधीपासून काय होते? १६८९ साली सुरतेच्या प्रवासास निघालेला इंग्रज पाद्री ओव्हिंग्टन याने येथील डाळ-तांदळाच्या खिचडीचे वर्णन केले आहे. ती अंगाला बळ देणारी असली तरी त्याच्या मते रुचकर नव्हती. जहाजावरच्या गोऱ्या खलाशांना आठवड्यातून एक-दोनदा मांसावाचून तीच खावी लागे आणि त्या दिवसांना ते त्रासून ‘बनियन डे’, म्हणजे वाण्यांचे दिवस, म्हणत. पुढे इंग्रजी आरमारात बिनमांसाच्या दिवसाला हेच नाव रूढ झाले. खलाशी ज्या अन्नाला कंटाळले त्यावर अवघे शहर पोसले जात होते, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

या शहराच्या रसपदार्थांत सर्वांत महत्त्वाचे ते ओसामण. गुजरातीत ‘ओसाववुं’ म्हणजे शिजलेल्या भाताचे वा डाळीचे पाणी निथळून काढणे. त्या पाण्याचे ते ओसामण. तूरडाळ भरपूर पाण्यात शिजवावी, पाणी निथळावे, खाली राहिलेल्या घट्ट डाळीचा ‘लचको’ करावा आणि वरच्या पाण्याला चिंच किंवा आमसूल, गूळ, लवंग, दालचिनी, कढीलिंब यांची जोड देऊन उकळी आणावी. आता मराठीकडे या. आपल्याकडे शिजलेला भात किंवा डाळ निथळणे याला ‘वेळणे’ म्हणतात आणि त्या पाण्याला ‘वेळवणी’. कोल्हापूर-सोलापूरकडे तीच ‘येळवणी’ झाली. पुण्याकडे तिला कट म्हणतात. पुरणाची हरभऱ्याची डाळ वेळून काढलेल्या त्या पाण्यात मूठभर शिजलेली डाळ घोटून घालावी, म्हणजे अंगी दाटपणा येतो. भाजलेले सुके खोबरे, गोडा मसाला, चिंच, गूळ आणि वरून हिंगाची खमंग फोडणी. दोन्ही पदार्थांचे तत्त्व एक, नावाची घडण एक. पाणी टाकू नये, त्यात धान्याचा अर्क उतरलेला असतो, हे ते तत्त्व. फरक डाळीचा. गुजरातची पुरणपोळी तुरीची, आपली हरभऱ्याची.

आपल्या वडीलधाऱ्यांचा एक आवडता आक्षेप होता की, गुजरातच्या पाण्याने आमची आमटी गोड झाली. मला तो पटत नाही. चिंच-गुळाची आमटी पुण्या-साताऱ्याच्या अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. येथे बदलले ते निराळेच. आमटीत शेंगदाणे आले, गोड्या मसाल्याच्या जागी लवंग-दालचिनी आली, काही घरांत पुरणही तुरीचे झाले. हिवाळ्यात येथे मिळणाऱ्या ओल्या तुरीच्या दाण्यांची वाटून केलेली आमटी तर खानदेशी आणि सुरती अशा दोन्ही मंडळींना आपलीच वाटते. आणि शुद्धतेचाच हट्ट धरायचा तर सोमेश्वराच्या पाकशाळेत मिरचीही नव्हती. ती आणि टोमॅटो दोन्ही अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या जहाजांनी त्यांना इकडची वाट दाखविली. आपल्या आज्या ज्यांना ‘बेलवांगी’ म्हणत त्या टोमॅटोचे सार आज अस्सल मराठी म्हणून वाढले जाते, आणि त्यात वावगे काही नाही.

हे नाते मला ग्रंथांतून कळण्याआधी एका आपत्तीने दाखविले. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आमच्या इमारतीतील खालची घरे पाण्यात होती. आमच्या मजल्यावर तीन कुटुंबांची एकच चूल झाली. इतक्या माणसांना कुकर पुरेना, म्हणून माळ्यावरचे जुने पितळी पातेले निघाले आणि त्यात तूरडाळ शिजत पडली. पिण्याचे पाणी मोजून वापरायचे होते. डाळीवरचे पाणी पाहून शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, “आनुं ओसामण करीए.” माझी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने वाटीभर चाखले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “अरे, ही तर आमची येळवणी. माहेर सुटल्यापासून अशी झाली नव्हती.” नंतर हिशेब केला तेव्हा ध्यानात आले, माहेर सोडल्यापासून नव्हे, आमच्या घरात कुकर आल्यापासून.

माझ्या मते आपल्या रसपदार्थांच्या इतिहासातील खरी फूट येथे आहे. १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढच्या काही दशकांत ते घरोघरी पोहोचले. त्यांनी इंधन वाचविले, गृहिणीचे तास वाचविले. त्यांना बोल लावण्याचा हेतू नाही. पण कुकरच्या डब्यात डाळीला बेताचेच पाणी घालतात. ते सारे डाळीतच मुरते, वेळायला काही उरत नाही. वेळणे संपले तशी वेळवणी संपली आणि पाठोपाठ शब्दही गेला. आज आपल्या नातवंडांना ‘वेळणे’ म्हणजे काय हे सांगावे लागते. शेजारच्या भाषेने आपला पदार्थ गिळला असे आपण समजत होतो; पण त्या शेजारणीनेच तो ओळखून आमच्या वाटीत परत घातला.

तेव्हा त्या तरुणाला माझे उत्तर असे : सूप होते, पण ते जेवणाआधी चमच्याने पिण्याचे नव्हते, भातावर ओतून, भुरके मारून पोट भरण्याचे होते. ते पुन्हा करायचे तर फार काही लागत नाही. सणाच्या एका दिवशी डाळ उघड्या पातेल्यात, हात सैल ठेवून पाणी घालून शिजवावी एवढेच. आणि ज्यांच्या घरी अजून सत्तरी-ऐंशीतल्या स्त्रिया आहेत त्यांनी कढण, सार, कट, येळवणी, कळण जे जे त्यांना ठाऊक असेल ते त्यांच्याच शब्दांत, मूळ गावाच्या नावासह उतरवून मंडळाकडे पाठवावे. माझ्या आईची कृती मी मागायला गेलो तेव्हा उशीर झाला होता. काकींनी सांगितलेली मात्र वहीत आहे, गुजरातीत.