उतारावरचं घर: बाथ शहरातलं सूर्य, सावली आणि मातीचं गणित

इंग्लंडमधलं बाथ हे वाटीसारखं शहर आहे. तळाला एव्हन नदी, भोवती टेकड्या आणि त्यांवर मधाच्या रंगाच्या चुनखडीची घरं. 1987 पासून अख्खं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कामासाठी शेजारच्या ब्रिस्टलला होतो, तेव्हा शनिवारी तिथे चक्कर ठरलेली. चढ चढून दमायला व्हायचं, आणि डोक्यात एकच प्रश्न: इथे कमी ऊर्जेचं नवीन घर बांधायचं तर कसं?

आधी नियम. स्थानिक कौन्सिलने जानेवारी 2023 मध्ये नवीन घरांवर मर्यादा घातली. घर गरम ठेवायला दर चौरस मीटरला वर्षाला 30 युनिटपेक्षा कमी, एकूण वापर 40 पेक्षा कमी, आणि तेवढी वीज शक्यतो जागेवरच तयार करायची. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच.

आता गंमत बघा. डिसेंबरात भर दुपारीही तिथे सूर्य जेमतेम 15 अंश वर येतो. सपाट जमिनीवर 6 मीटर उंच घराची सावली 22 मीटर पडते. मी पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या: उंची भागिले, सूर्याच्या कोनाचा टॅन अधिक उताराचा टॅन. दक्षिणेकडे 15 अंश उतरणाऱ्या टेकडीवर तीच सावली, आडव्या मापाने, 11 मीटर. म्हणजे घरं जवळजवळ बांधूनही मागच्याला ऊन मिळतं. उत्तरेकडे 10 अंश उतार असेल तर मात्र सावली 60 च्या पुढे!

पण खरी भीती मातीची. वर चुनखडी, खाली फुलर्स अर्थ नावाची चिकणमाती. पाणी चुनखडीतून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि उतार घसरतो. 1788 च्या सुमारास सुरू झालेली कॅमडेन क्रेसेंट ही घरांची रांग याच कारणाने पूर्वेकडे अर्धवट राहिली. तिचा 'मधला' भाग आजही मध्यावर नाही.

म्हणून जमीन सपाट करून एकच उंच भिंत घालायची नाही. मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो. 3 मीटरच्या एका भिंतीऐवजी दीड-दीड मीटरच्या दोन घातल्या, तर दोन्हींचा मिळून दाब निम्मा होतो (मधे पुरेसं अंतर हवं, नाहीतर वरचीचा भार खालचीवर). घर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचं, खोदकाम आणि काँक्रीट वाचवायचं. भिंतीमागे खडी आणि पाणी निघायला भोकं हवीतच.

आपल्या डोक्यात 'पाणी अडवा, पाणी जिरवा' पक्कं बसलंय. मीही आधी शोषखड्डाच सुचवला असता. अशा उतारावर तेच धोक्याचं ठरू शकतं. त्यापेक्षा छतावर हिरवळ आणि न गळणारी टाकी, तिच्यातून पाणी हळूहळू गटारात.

राहिलं छप्पर. रस्त्यावरून न दिसणारे सौर पॅनेल समोरच्या टेकडीवरून लख्ख दिसतात, त्यामुळे ते स्लेटच्या पातळीत बसवलेले, गडद आणि चकाकी नसलेले निवडणं बरं.