वाक्याच्या शेवटीं राहिलेला शब्द

शिक्षकी करीत असतांना एका मुलाच्या वहींतील एक इंग्रजी प्रश्न मीं लाल शाईनें खोडला होता. 'हूम डिड यू कम विथ?' असें त्यानें लिहिलें होतें. 'विथ' हें अव्यय शेवटीं लोंबकळत ठेवूं नये, 'विथ हूम डिड यू कम?' असें लिहावें, असा शेरा मारून मीं अर्धा गुण कापला. हा नियम कोणाचा, असें त्या मुलानें विचारलें नाहीं. आणि विचारलें असतें तर मला सांगतां आलें नसतें. तें आज सांगावयाचें आहे.

मराठींत हा घोटाळा संभवतच नाहीं. 'तूं कोणाबरोबर आलास?' या प्रश्नांत 'कोणाबरोबर' हें पद, उत्तरांत जेथें 'भावाबरोबर' येतें, तेथेंच बसतें; आणि 'बरोबर' हें शब्दयोगी अव्यय आपल्या सोबत्याला सोडून कधीं राहत नाहीं. इंग्रजींत मात्र प्रश्नवाचक शब्द आपली जागा सोडून वाक्याच्या आरंभीं जातो आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधीं येतें. मग त्या शब्दाच्या अव्ययानें त्याच्याबरोबर जावें, कीं मूळच्या जागींच थांबावें?

दोन्ही चाली जुन्या आहेत. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत प्रश्नवाचक शब्दाबरोबर अव्ययहि आरंभीं जात असे. 'जो', 'जी' अशा संबंधानें जोडलेल्या कांहीं गौण वाक्यांत मात्र तें मागें राही. पुढें तेराव्या शतकाच्या सुमारास ही मागें राहण्याची रीत प्रश्नांतहि शिरली. 'डिड'ची कथा याहून अलीकडची. शेक्सपिअरच्या नाटकांत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधीं घालून केलेले प्रश्न आणि 'डू' घालून केलेले प्रश्न शेजारींशेजारीं सांपडतात.

मग यांतली एक चाल दोष ठरविली कोणीं? कवि जॉन ड्रायडन यानें १६७२ सालीं, 'द काँक्वेस्ट ऑफ ग्रॅनाडा' या आपल्या नाटकाला जोडलेल्या निबंधांत, बेन जॉन्सनच्या १६११ मधील 'कॅटिलाइन' नाटकांतील भाषेच्या चुका काढल्या. वाक्याच्या शेवटीं अव्यय ठेवणें ही त्यांपैकीं एक. जॉन्सन १६३७ सालींच वारला होता. उत्तर कोण देणार? ड्रायडनचा प्रामाणिकपणा मात्र मानला पाहिजे. हा दोष आपल्याहि लेखनांत आढळल्याचें त्यानें तेथेंच कबूल केलें, आणि नाट्यकाव्यावरील आपल्या १६६८ च्या निबंधाची आवृत्ति १६८४ मध्यें काढतांना तसलीं वाक्यें वेंचून वेंचून बदललीं. त्यानें कारण दिलें नाहीं. पण आपल्या इंग्रजीविषयीं शंका आली कीं तें लॅटिनमध्यें उतरवून पाहतों, असें त्यानें अन्यत्र लिहिलें आहे. लॅटिनमध्यें अव्यय असें मागें राहूंच शकत नाहीं. 'कोणाबरोबर' याला तेथें 'क्वोकुम' असा आपल्यासारखाच एकजीव शब्द आहे! म्हणजे इंग्रजीला लावलेलें माप परक्या भाषेचें होतें.

पुढें रॉबर्ट लाउथ यानें १७६२ सालीं आपलें प्रसिद्ध व्याकरण लिहिलें. हा गृहस्थ नंतर लंडनचा बिशप झाला. त्याला या नियमाचा जनक म्हणतात, पण तो अन्याय आहे. भाषेचा कल या रीतीकडे आहे, बोलण्यांत व घरगुती लेखनांत ती शोभते, गंभीर लेखनांत मात्र अव्यय आधीं घालणें अधिक डौलदार, इतकेंच तो म्हणतो. आणि गंमत अशी कीं, हें सांगतांना त्याचें स्वतःचें वाक्य 'टु' या अव्ययावरच येऊन थांबतें! ती थट्टा होती कीं सवय, कोण जाणे. पुढच्या पाठ्यपुस्तककारांनीं त्याचें 'अधिक डौलदार' घेतलें आणि त्याचें 'दुसरें चूक' करून टाकलें. फाउलरनें १९२६ च्या आपल्या कोशांत या समजुतीला अंधश्रद्धेच्या पंक्तींत बसविलें, तरी आम्ही मास्तर लोक लाल शाई वापरीतच राहिलों.

त्या मुलाच्या वहींत निबंध नव्हता. दोन मित्र स्टेशनावर भेटतात, असा संवाद लिहावयास मींच सांगितलें होतें. लाउथच्या हिशेबानेंहि तो अर्धा गुण त्याचाच होता.