ला ग्वार्डियांची मोजपट्टी

न्यूयॉर्क शहराच्या प्रशासकीय संहितेत १२-१२६ क्रमांकाचं एक कलम आहे. शहराचे नोकर, निवृत्त नोकर आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं यांच्या आरोग्यविम्याचा सगळा खर्च शहर करेल, असं ते सांगतं. लगेच पुढे एक मर्यादाही घालतं : ‘एचआयपी-एचएमओ’ या योजनेचा जो पूर्ण हप्ता असेल त्याहून जास्त नाही. हे कलम १९६७ सालचं. २०२१ पासून चार वर्षं शहर आणि त्याचे निवृत्त कर्मचारी याच कलमाचा कीस पाडत कोर्टात उभे होते. गंमत अशी, की भांडणाऱ्या बहुतेक निवृत्तांचा विमा एचआयपीचा नव्हताच. मग त्यांच्या हक्काचं माप एचआयपीच्या हप्त्यात कसं आलं? आणि ज्या विम्यावर म्हातारपण काढायचं, तो निवडताना त्यांना विचारलं का नाही? दोन्ही प्रश्नांची मुळं जवळजवळ एकाच ठिकाणी सापडतात.

शहरानं काही विकत घ्यायचं तर निविदा काढायची, मोहोरबंद लखोटे मागवायचे, सर्वांसमक्ष उघडायचे आणि लायक बोलीदारांतल्या सर्वांत स्वस्ताला काम द्यायचं, ही रीत जुनी आहे. न्यूयॉर्कला तिची गरज राजकीय पुढारी विल्यम ट्वीड आणि त्याच्या टोळीनं चांगलीच पटवून दिली. कोर्टाच्या इमारतीच्या गिलाव्याची आणि सुतारकामाची अवाच्या सवा बिलं लावून या टोळीनं तिजोरी धुऊन नेली. १८७१ मध्ये वर्तमानपत्रानं आकडे छापले तेव्हा बिंग फुटलं. लखोट्याची पद्धत अशा चोरीवर बरा उतारा आहे, कारण गिलावा मोजता येतो. किती चौरस फूट, किती जाड, कोणत्या दरानं, हे काम सुरू होण्याआधी लिहून काढता येतं. आरोग्यविमा असा मोजता येत नाही. करारावर सही होते त्या दिवशी माल अजून तयारच झालेला नसतो. पाच वर्षांनी एखाद्याचं हृदय बिघडतं, आणि त्याचा डॉक्टर योजनेच्या यादीत आहे की नाही, शस्त्रक्रियेला मंजुरी किती दिवसांत मिळते, यावर काय विकत घेतलं होतं ते कळतं.

त्यामुळे असेल, पण शहरी नोकरांचा आरोग्यविमा सुरुवातीला निविदेच्या दारानं आलाच नाही. १९२९ मध्ये डॅलस शहरातल्या शाळाशिक्षकांनी बेलर रुग्णालयाशी थेट सौदा केला : महिना ५० सेंट भरायचे, बदल्यात वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातली सेवा मिळायची. पुढे ‘ब्लू क्रॉस’ म्हणून फोफावलेल्या योजनांचं बी ते हेच. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये रॉस आणि लूस या दोन डॉक्टरांनी शहराच्या पाणी-वीज खात्यातल्या सुमारे दोन हजार कामगारांशी आणि त्यांच्या कुटुंबांशी ठरावीक मासिक वर्गणीवर उपचारांचा करार केला. दोन्हीकडे पैसे कामगारांच्या खिशातले होते. ज्यानं भरायचे त्यानंच सौदा केला आणि आजारीही तोच पडणार होता. निवड न्याय्य आहे का, हा प्रश्न कुणाच्या मनात यायला जागाच नव्हती.

जागा झाली ती मालक पैसे भरू लागला तेव्हा. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांना दिसत होतं, की शहराचे नोकर कर्जात बुडताहेत आणि त्या कर्जामागे फार वेळा आजारपणाची बिलं आहेत. तोडगा शोधायला त्यांनी समिती नेमली आणि १९४४ मध्ये ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन ऑफ ग्रेटर न्यूयॉर्क’, म्हणजेच एचआयपी, ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिचं काम १ मार्च १९४७ ला सुरू झालं. तोवर ला ग्वार्डिया पायउतार झाले होते. योजना त्या काळी धाडसी होती. डॉक्टरांचे गट करायचे, प्रत्येक गटाला माणशी ठरावीक रक्कम द्यायची, आणि नोकरानं त्यातला एक गट निवडायचा. तपासणीचं वेगळं बिल नाही. रुग्णालयाच्या खर्चासाठी ब्लू क्रॉस जोडीला घ्यावं लागे. निम्मा हप्ता शहर भरणार होतं.

म्हणजे शहरानं विमा कंपनी निवडली नाही, स्वतःच्या पुढाकारानं उभी करवली. डॉक्टरांच्या संघटनांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाला हवा तो डॉक्टर निवडता आला पाहिजे. ठरलेल्या गटापुरतं बांधून घालणं अन्याय आहे. या युक्तिवादात त्यांचा धंदाही होता. वॉशिंग्टनमध्ये अशाच एका सहकारी योजनेची कोंडी केल्याबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशन मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरली होती, आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलं होतं. तरी मुद्दा खोटा नव्हता. पुष्कळ नोकरांना आपल्या गल्लीतला ओळखीचा डॉक्टरच हवा होता. त्यांच्यासाठी जीएचआय ही दुसरी ना-नफा योजना होती. तिच्यात डॉक्टर निवडायची मोकळीक जास्त होती.

साठच्या दशकात कामगार संघटनांचा जोर वाढला. हप्ता निम्मा नको, पूर्ण भरा आणि योजना निवडायची मुभा द्या, ही मागणी त्यांनी पदरात पाडून घेतली. मग कायदा करणाऱ्यांपुढे व्यवहाराचा पेच आला : नोकरानं महागडी योजना घेतली तर शहरानं कुठवर भरायचं? त्यासाठी एक मोजपट्टी हवी होती, आणि शहराच्याच पुढाकारानं उभी राहिलेली एचआयपी हाताशी होती. १९६७ मध्ये तिचा हप्ता कलमात जाऊन बसला. योजना कोणतीही घ्या, शहर एचआयपीच्या दरापर्यंत भरेल. ला ग्वार्डियांनी आजारी नोकराला आसरा म्हणून जे उभं केलं, ते आता कायद्याचं माप झालं. कलमात नोकरांच्या शेजारी निवृत्तांचंही नाव होतं. त्याकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही.

मेख पुढच्या टप्प्यात आहे. राज्याचा ‘टेलर कायदा’ही १९६७ चाच, त्यानं सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क दिला. विम्यासारख्या सर्वांना लागू होणाऱ्या बाबींवर शहराशी बोलण्यासाठी संघटनांची मिळून ‘म्युनिसिपल लेबर कमिटी’ होती. तिच्यात मतांचं वजन सभासदसंख्येनुसार ठरतं. म्हणून शिक्षकांची संघटना आणि ‘डिस्ट्रिक्ट कौन्सिल ३७’ या दोन मोठ्या संघटना एका बाजूला झाल्या की निकाल लागल्यात जमा. आणि निवृत्त? त्यांच्या नावानं बोलणी होतात, पण मत त्यांना नाही. नोकरी संपली की वाटाघाटीच्या टेबलावरची खुर्चीही संपते, विमा मात्र त्याच टेबलावर ठरत राहतो.

ऐंशीच्या दशकात या टेबलावर पैशाची एक पेटी आली. बहुतेक नोकर जीएचआय घेत होते. तिचा दर आणि एचआयपीचा दर यांत जो फरक पडेल, तो शहर आणि संघटना यांच्या संयुक्त ‘स्थिरीकरण निधी’त जाऊ लागला. एचआयपीचा दर वर गेला की पेटी भरायची. मोजपट्टी लांब असण्यात आता संघटनांचाही फायदा होता. २०१४ मध्ये शिक्षकांच्या थकलेल्या पगारवाढीचा करार झाला तेव्हा याच निधीतले १ अब्ज डॉलर कामी आले. बदल्यात संघटनांनी आरोग्यखर्चात ३.४ अब्ज डॉलरची बचत करून देण्याचं कबूल केलं. २०१८ मध्ये आणखी बचतीचा शब्द दिला. पगार आणि औषधपाणी एकाच ताटात वाढलं गेलं. कामावर असलेल्याला त्यातून निदान पगारवाढ तरी मिळाली.

मधल्या काळात निवडीचं दुसरं दारही अरुंद झालं होतं. २००६ मध्ये एचआयपी आणि जीएचआय ‘एम्ब्लेमहेल्थ’ या एकाच छत्राखाली आल्या. शहराच्या नोकरांपैकी बहुसंख्य या दोहोंपैकी एकीत होते, म्हणून शहरानं स्वतःच हे एकत्रीकरण रोखायला मक्तेदारीविरोधी दावा लावला. २०११ मध्ये अपील न्यायालयानंही तो फेटाळला. एका गिऱ्हाईकाची आवडनिवड म्हणजे बाजारपेठ नव्हे, असं त्याचं सार. कायद्याच्या नजरेनं ते बरोबरही असेल. पण ज्या संस्थेला शहरानं जन्म दिला, तिच्याच विरुद्ध ‘आम्हाला दुसरा पर्याय उरत नाही’ म्हणून शहराला कोर्टात जावं लागलं.

मग २०२१ उजाडलं. कबूल केलेली बचत आणायची कुठून? निवृत्तांकडून. पासष्टी ओलांडलेल्यांना केंद्र सरकारचं ‘मेडिकेअर’ असतं; डॉक्टरच्या खर्चातला साधारण ८० टक्के वाटा ते उचलतं आणि उरलेल्यासाठी शहर ‘सीनियर केअर’ नावाच्या पूरक विम्याचा हप्ता भरत होतं. बहुतेक डॉक्टर मेडिकेअर घेतात, त्यामुळे रुग्ण कुठेही जाऊ शकतो. याऐवजी सगळ्यांना खासगी कंपनीच्या ‘मेडिकेअर ॲडव्हान्टेज’ योजनेत टाकायचं ठरलं. त्यात केंद्र सरकार ठरावीक रक्कम थेट कंपनीला देतं, शहराचे वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर वाचतात. पण डॉक्टरांचं जाळं कंपनीचं आणि बऱ्याच उपचारांना तिची पूर्वमंजुरी लागते. जुनंच हवं असेल तर महिन्याला माणशी १९१ डॉलर स्वतः भरा, अशी मुभा ठेवली. नवरा-बायको दोघं असतील तर ३८२. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सफाई कामगाराच्या विधवेला ही मुभा काय कामाची?

कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले गेले, त्यांची तुलना झाली, म्युनिसिपल लेबर कमिटीनं मतदान केलं. खरेदीचे सोपस्कार झाले. कंपनी-कंपनीत दुजाभाव होऊ नये यासाठी ते सोपस्कार असतात. ज्यांचा विमा बदलणार होता ती सुमारे अडीच लाख माणसं या प्रक्रियेत कुठेच नव्हती. त्यांनी स्वतःची संघटना काढली, वर्गणी जमवली आणि कोर्ट गाठलं.

तिथे ला ग्वार्डियांची मोजपट्टी उपयोगी पडली. सीनियर केअरचा दर एचआयपीच्या दराहून कमी होता. कायदा म्हणतो, त्या दरापर्यंत शहर भरेल; मग १९१ डॉलर कशाचे मागता? मार्च २०२२ मध्ये न्यायाधीशांनी हे मान्य केलं. शहरानं आधी निवडलेल्या कंपन्यांच्या जोडीशी ठरलेला बेत त्या वर्षी बारगळला. महापौर आणि संघटनांचे नेते मिळून कलमच बदलायला नगर परिषदेकडे गेले. २०२३ च्या जानेवारीत परिषदेनं प्रस्ताव मताला टाकलाच नाही. त्याच वर्षी ‘एट्ना’ या विमा कंपनीशी नवा करार झाला, या वेळी जुना विमा ठेवण्याची वाट जवळपास बंद करून. शहराच्या लेखानियंत्रकांनी कराराची नोंद करायला नकार दिला, महापौरांनी तो डावलला, कोर्टानं पुन्हा रोखलं. २०२४ अखेरीस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९१ डॉलरच्या खटल्यात निवृत्तांची बाजू कायम केली.

इथे थांबलं असतं तर गोष्ट सोपी होती. १८ जून २०२५ ला त्याच न्यायालयानं एट्नाच्या योजनेवरच्या दुसऱ्या खटल्यात शहराच्या बाजूनं कौल दिला. जुन्या माहितीपत्रकांतल्या मजकुराला ‘हाच विमा तहहयात देऊ’ असं नि:संदिग्ध वचन म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कलम १२-१२६ खर्चाची मर्यादा सांगतं; विमा कोणता आणि तो कोणी निवडायचा, यावर ते मुकं आहे. मोजपट्टीनं पैसे वाचवले, निवड मिळवून दिली नाही.

हे सगळीकडे असंच असावं लागतं असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं १९३७ मध्ये सनदेत दुरुस्ती करून नोकरांसाठी स्वतंत्र आरोग्यसेवा यंत्रणा उभी केली. तिच्या सात जणांच्या मंडळावरचे काही सदस्य विमेदार स्वतः निवडून देतात आणि निवृत्तांनाही मत असतं. शहरानं विम्यासाठी किती द्यायचं, याचा आधार कॅलिफोर्नियातल्या दहा मोठ्या काउंटींच्या सरासरीतून येतो, म्हणजे मोजपट्टी कुणा एका कंपनीच्या हातात नाही. निवडून येणाऱ्यांच्या जागा चारावरून तीनवर आणणारी दुरुस्ती तिथे २०११ मध्ये झाली. त्या एका खुर्चीवरूनही मतदान घ्यावं लागलं, यातच तिचं मोल कळतं.

न्यूयॉर्कला अशी खुर्ची नाही. कामावरच्या नोकरांसाठी जानेवारी २०२६ पासून एम्ब्लेमहेल्थ आणि युनायटेडहेल्थकेअर यांची नवी योजना लागू करायचं ठरलं, तेही जुन्याच टेबलावर. निवृत्तांचं म्हणाल, तर जून २०२५ च्या निकालानंतर दोनच दिवसांत तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांनी एट्नाची योजना पुढे नेणार नाही असं जाहीर केलं. कोर्ट जिंकलेल्या शहरानं माघार घेतली, कारण काही असो. निवडणूक पाच महिन्यांवर होती, आणि अडीच लाख निवृत्त व त्यांच्या घरच्यांची मतं कुणालाही मोजता येत होती. टेबलावर ज्यांना मत नव्हतं, त्यांची मतपेटीतली मतं शिल्लक होती. पुढचा महापौर, पुढचा तोट्याचा अर्थसंकल्प आणि पुढचा बचतीचा करार आला की हाच डाव पुन्हा मांडता येईल, कारण त्या माघारीनं नियम एकही बदलला नाही.